घरी आलेला वॉर्ड: घरबसल्या उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरबसल्या वैद्यकीय सेवा म्हणजे व्हिडिओ कॉलवर डॉक्टर, एवढंच ना?

तो तिचा सगळ्यात छोटा भाग. या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे निर्णयही चुकतात. पहिली गोष्ट सल्ला: फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं, रिपोर्ट दाखवणं, औषधाचा डोस बदलून घेणं. दुसरी देखरेख: घरी मोजलेलं बीपी, वजन, साखर किंवा पेसमेकरने टिपलेले हृदयाचे ठोके दूरच्या केंद्रात पोचतात आणि तिथे कोणीतरी ते पाहतं. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष उपचार. ज्याला एरवी ॲडमिट करावंच लागलं असतं, त्याला शिरेतून औषध, ऑक्सिजन, रक्ततपासणी, नर्सची रोजची फेरी आणि डॉक्टरांचा राउंड हे सगळं त्याच्या स्वतःच्या पलंगावर मिळतं.

तुम्हाला कोणी ‘घरी सेवा देतो’ म्हणालं, तर या तिघांतलं नेमकं काय देणार ते आधी विचारा. सल्ल्याची सोय असलेल्या ठिकाणाकडून देखरेखीची अपेक्षा धरणं धोक्याचं असतं. फोन ठेवल्यानंतर तुमच्याकडे कोणाचंही लक्ष नसतं.

हे सगळं कोविडमुळे सुरू झालं का?

नाही. कोविडने वेग दिला, जन्म नाही. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०५ मध्येच रुग्णालयातल्या माणसाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत नोंदवला होता. ईसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं की ते हलवण्यापेक्षा ठोके तारेवरून आणणं सोपं होतं. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयाने १९४७ मध्ये रुग्णांना घरी ठेवून रुग्णालयातर्फे उपचार देण्याची व्यवस्था उभी केली. नेब्रास्कात १९५९ मध्ये दुहेरी टीव्ही जोडणीवरून मानसोपचार झाले. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट कफ साठत जाणारा आनुवंशिक आजार) झालेल्या मुलांना शिरेतून अँटिबायोटिक घरी देण्याचा अनुभव १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटातल्या पडद्यातून यंत्राविना, सतत करायचं डायलिसिस १९७६ नंतर आकाराला आलं आणि मूत्रपिंड निकामी झालेली असंख्य माणसं तेव्हापासून ते स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हाताने करत आली आहेत.

हा इतिहास सांगतोय त्याला कारण आहे. ‘नवीन आहे, अजून पारखलेलं नाही’ अशी भीती बऱ्याच घरांत असते. यातला पुष्कळ भाग जुना आहे आणि चांगला पारखलेला आहे. नवीन आहे तो त्याचा पसारा.

मग पसारा आत्ताच का वाढला?

कारणं बरीच आहेत, पण मूळ कारण एकच: माणसं जास्त जगू लागली आणि आजारांची जात बदलली. हृदय कमजोर होणं, मधुमेह, दमा, सीओपीडी (फुप्फुसांतली हवेची वाट कायमची अरुंद होण्याचा आजार), मूत्रपिंडाचे विकार हे पंधरा दिवसांत बरे होऊन निघून जाणारे पाहुणे नव्हेत. त्यांना वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं लक्ष लागतं. रुग्णालयाची रचना मात्र मोठ्या, अचानक आलेल्या संकटासाठी केलेली आहे. सहा महिन्यांनी दहा मिनिटांची भेट आणि मधल्या काळात काहीच नाही, ही पद्धत या आजारांना पुरत नाही.

त्यात मोजमापाची यंत्रं लहान आणि स्वस्त झाली. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. आज तो औषधाच्या दुकानात मिळतो. मग साथ आली आणि सरकारांनी, विमा कंपन्यांनी नियम सैल केले. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यातून घरच्या रुग्णालयीन उपचारांचे पैसे देण्याची सोय झाली. इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत ‘आभासी वॉर्डां’ची क्षमता १०,००० खाटांवर गेली.

घरी होणारा उपचार रुग्णालयाच्या तोडीचा असतो, याला पुरावा आहे का?

आहे, पण निवडक रुग्णांसाठी. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ॲडमिट करण्याची गरज असलेल्या ९१ जणांना चिठ्ठ्या टाकून विभागलं: काही घरी, काही वॉर्डात. घरच्या गटाचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी आला. तीस दिवसांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागलेल्यांचं प्रमाण घरच्या गटात ७ टक्के, वॉर्डातल्या गटात २३ टक्के होतं. घरच्या गटातले रुग्ण दिवसातला कमी वेळ पडून होते. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. वयस्कर माणूस आठवडाभर खाटेला खिळला की पायातली ताकद जाते, आणि न्यूमोनिया बरा होऊनही तो चालत घरी येत नाही.

ब्रिटनमधली चाचणी याहून बरीच मोठी, १,०५५ वृद्धांची. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वृद्धांच्या आजारांतल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरी उपचार झालेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असलेल्यांचं प्रमाण रुग्णालयातल्या गटाच्या बरोबरीचं निघालं. कायमचं वृद्धाश्रमात जावं लागलेल्यांची संख्या घरच्या गटात कमी होती आणि महिन्याभरानंतर भ्रमाचा त्रासही कमी दिसला. म्हाताऱ्या माणसाला परक्या खोलीत, न विझणाऱ्या दिव्यांत, दर दोन तासांनी उठवल्यावर दिवस-रात्रीचं भान सुटतं. स्वतःच्या भिंती आणि ओळखीचे आवाज हा त्यावरचा खरा उतारा आहे.

रोज बीपी आणि वजन मोजून ॲपवर भरलं की देखरेख झाली, नाही का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

हृदय कमजोर झालेल्यांवरच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहू. पहिली अमेरिकेतली, २०१० ची. १,६५३ रुग्ण. त्यातल्या अर्ध्यांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला आपलं वजन आणि लक्षणं सांगायची. नोंदी त्यांच्या दवाखान्यात तपासल्या जायच्या. सहा महिन्यांनी मृत्यूंत आणि पुन्हा ॲडमिट होण्यात काहीच फरक दिसला नाही. सुमारे १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. शेवटी शेवटी तर आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते.

दुसरी जर्मनीतली, २०१८ ची. दीड हजारांवर रुग्ण, आजार तोच. वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज एका केंद्रात जात होतं. त्या केंद्रात डॉक्टर आणि प्रशिक्षित नर्स चोवीस तास हजर होते. आकडा बिघडला की ते स्वतः फोन करत, औषध बदलत, रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवत. या गटात अचानक रुग्णालयात घालवलेले दिवसही कमी झाले आणि मृत्यूही.

मोजमाप दोन्हीकडे होतं. फरक इतकाच की दुसऱ्या ठिकाणी आकडा पोचल्यावर पलीकडचा माणूस जागचा हलत होता, आणि काय करायचं याचा अधिकार त्याच्याकडे होता. म्हणून यंत्र किती भारी आहे यावर मन अडकवू नका. रात्री अकरा वाजता पाठवलेला आकडा कोण वाचतं, किती वेळात वाचतं आणि वाचून काय करतं, हे विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली तर ती देखरेख नव्हे. ती फक्त वही आहे, आणि वही तुम्हाला घरीही ठेवता येते.

कोणत्या रुग्णाला घरी ठेवता येतं आणि कोणाला अजिबात नाही?

निदान झालेलं आहे, उपचार ठरलेला आहे आणि पुढचे चोवीस तास कसे जातील याचा डॉक्टरांना बऱ्यापैकी अंदाज आहे, असा रुग्ण घरी चालतो. त्वचेखालचा जंतुसंसर्ग, लघवीचा संसर्ग, सौम्य ते मध्यम न्यूमोनिया, हृदयाच्या कमजोरीमुळे अंगात साठलेलं पाणी, सीओपीडीने अचानक खाल्लेली उचल, हाडाच्या संसर्गासाठी लांबलचक अँटिबायोटिक असे आजार यात नेहमी दिसतात.

छातीत दाटून आलेलं दुखणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, न थांबणारा रक्तस्राव, झपाट्याने वाढणारी धाप, झटके, शुद्ध हरपणं: अशा वेळी व्हिडिओ कॉल लावत बसू नका. सरळ रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघाताच्या झटक्यात प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत काही तासांचीच असते.

आजाराइतकंच घरही तपासावं लागतं. हाताशी न्हाणीघर आहे का, रात्री कोणी सोबत आहे का, रुग्णवाहिका दारापर्यंत येते का? आणि रुग्णाला स्वतःला घरी राहायचं आहे का? हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

व्हिडिओवर डॉक्टरांना काय कळत नाही?

पोट दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं ते कळत नाही. छातीचे आवाज, कानाचा पडदा, गाठ मऊ आहे की टणक, यातलंही काही कळत नाही. पुरळाचा रंग कॅमेऱ्यात आणि दिव्याखाली बदलतो. म्हणून नवीन, अनोळखी तक्रारीची पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष व्हावी.

उलट काही गोष्टी व्हिडिओवर जास्त कळतात. औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडायला लावला की एकच औषध दोन नावांनी चाललंय हे उघडकीला येतं. इनहेलर ओढायची पद्धत चुकते आहे हे दिसतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवरचा निसटतं पायपुसणं दिसतं. मानसोपचाराच्या बैठका तर दूरवरूनही उत्तम चालतात.

घरच्या बीपी यंत्रावर भरवसा ठेवावा का?

दंडाला बांधायचं, तपासणी झालेलं यंत्र असेल तर जरूर. बऱ्याच जणांचं बीपी दवाखान्यात पाऊल टाकताच चढतं, त्यामुळे घरचा आकडा सत्याच्या जास्त जवळ असतो. उच्च रक्तदाब ठरवायची रेषा म्हणूनच घरी थोडी खाली, १३५/८५ वर धरतात. दवाखान्यात ती बहुतेक ठिकाणी १४०/९० असते.

चूक होते ती मोजण्यात. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. दंड हृदयाच्या उंचीला आणि उघडा. पट्टा बाहीवरून बांधू नका. मोजताना बोलू नका. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटाच वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. आठवडाभराच्या नोंदींतून पहिला दिवस सोडून सरासरी काढली की डॉक्टरांना हवं ते मिळतं. एकाच वाढलेल्या आकड्याने घाबरून दिवसातून वीसदा मोजत बसू नका. त्या घाबरण्यानेही आकडा चढतो.

ऑक्सिमीटर ९५ दाखवतोय, पण रुग्णाला धाप आहे. कोणावर विश्वास ठेवायचा?

रुग्णावर. थंडगार बोटं, नखांवरचा रंग, हलणारा हात यांनी ऑक्सिमीटर फसतो. त्वचेचा गडद रंगही त्याला फसवतो आणि ही गोष्ट अजून पुरेशा लोकांपर्यंत पोचलेली नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा. आपल्यासारख्या सावळ्या, काळ्या वर्णाच्या माणसांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

आकड्यासोबत श्वास मोजा. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, रुग्णाला न सांगता मोजा. एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, तर यंत्र काहीही म्हणो, तातडीची मदत बोलवा.

सीओपीडीच्या रुग्णांबाबत एक इशारा: त्यांच्यातल्या अनेकांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. आकडा शंभराजवळ नेण्यासाठी कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा) प्रवाह मनाने वाढवणं त्यांना घातक ठरू शकतं. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत विडी-सिगारेट, काडीपेटी, निरांजन काहीही नको.

स्मार्ट घड्याळाने ‘ठोके अनियमित’ असा इशारा दिला तर?

डॉक्टरांना कळवा आणि नीट ईसीजी काढून घ्या. तोपर्यंत स्वतःहून कोणतंही औषध सुरू करू नका. चार लाखांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात असा इशारा जेमतेम अर्धा टक्का लोकांना आला. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांत त्या काळात खरंच एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) सापडलं. इशारा दुर्लक्ष करण्याजोगा नाही आणि निदानही नाही.

घरच्या माणसांवर किती भार पडतो?

खूप, आणि तो कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. रुग्णालयाचा खर्च कमी झाला असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा त्यातली काही कामं संपलेली नसतात. ती घरात सरकलेली असतात. कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, औषधांच्या वेळा, पंप वाजला की उठणं, नर्स येणार म्हणून घर उघडं ठेवणं. ही कामं करणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, आणि तिला ‘तुम्ही हे कराल का?’ असं कोणी विचारलेलं नसतं. ती करणारच असं धरून चाललेलं असतं.

मी या सेवेच्या बाजूचा आहे, म्हणूनच हे ठासून सांगतो. काळजी घेणाऱ्याची संमती रुग्णाच्या संमतीइतकीच स्वतंत्रपणे घ्यायला हवी. तिला प्रत्येक काम एकदा दाखवून, मग तिच्याकडून करवून घेऊन शिकवायला हवं. छापील कागद हातात देणं म्हणजे शिकवणं नव्हे. तिची झोप कोण भरून काढणार, ती स्वतः आजारी पडली तर कोण येणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आणि ‘मला हे झेपत नाही’ असं ती म्हणाली, तर रुग्णाला वॉर्डात हलवण्यासाठी ते पुरेसं वैद्यकीय कारण मानलं जावं. थकलेल्या हातून औषधाचा डोस चुकतो.

रुग्णाला स्मार्टफोन चालवता येत नाही. मग?

चांगल्या सेवेत रुग्णाला काही चालवावं लागत नाही. बीपीचं यंत्र स्वतःच्या सिमकार्डावरून आकडा पाठवतं, वजनकाट्यावर उभं राहिलं की काम झालं. साधा फोन कॉलही पुष्कळ काही साधतो. ऐकू कमी येणं, नजर अधू असणं, भाषा वेगळी असणं हे आधीच सांगा. सगळा संवाद नातवामार्फत होऊ लागला, तर निदान एकदा तरी रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. घरच्यांसमोर सांगता न येणाऱ्या गोष्टी प्रत्येकाकडे असतात.

वीज किंवा इंटरनेट गेलं तर?

कॉन्सन्ट्रेटर असेल तर भरलेला राखीव सिलिंडर घरात हवाच, आणि तो कसा उघडायचा हे दोघांना तरी यायला हवं. बाकी यंत्रांसाठी बॅटरी किती तास टिकते ते सेवा देणाऱ्यांकडून लिहून घ्या. आकडा पोचला नाही तर केंद्राने स्वतःहून फोन करायला हवा. ‘निरोप नाही म्हणजे सगळं ठीक’ असं धरणारी व्यवस्था नाकारा.

माझी माहिती कुठे जाते?

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तरी कुठेही विचारता येतील असे प्रश्न असे: माहिती कोण पाहतं, ती जाहिरातदाराला किंवा विमा कंपनीला दिली जाते का, सेवा थांबवल्यावर ती पुसली जाते का, मला माझी नोंद मागता येते का. मोफत ॲपच्या बाबतीत हे दुप्पट काळजीने विचारा. रिपोर्ट कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं तर घरचा उपचार फसला असं समजायचं का?

मुळीच नाही. घरी ठेवलेल्यांपैकी काही जणांना परत न्यावं लागतं, हे गृहीत धरूनच ही सेवा आखलेली असते. बिघाड वेळेवर दिसला आणि माणूस वेळेवर हलवला, म्हणजे देखरेखीने आपलं काम केलं. घातक असतो तो संकोच: ‘आता परत कुठे त्रास द्यायचा, सकाळपर्यंत पाहू.’ हृदयाच्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, पायावर सूज आली, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या, वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा दिवसभर गुंगीत राहिला, लघवी फारच कमी झाली, सुईच्या जागी लाली आणि ठणका आला, तर सकाळची वाट पाहू नका.

तयारी आधीच करून ठेवा. चालू औषधांची डोससह यादी, ॲलर्जी, शेवटचा ईसीजी, केंद्राचा चोवीस तासांचा नंबर आणि कोणते उपचार हवेत, कोणते नकोत याबद्दल रुग्णाने स्वतः सांगितलेली इच्छा, हे सगळं एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवा आणि औषध बदललं की त्याच दिवशी यादीही बदला.